बाई सोयरीक पाहाले निघाली

मरणाची गोष्ट मले गोड करून सांगता येत नाही. बायको गेली तेव्हा बाईलेही सरळच सांगून टाकलं. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. तिचा नवरा गेल्यापासून ती आमच्याच घरी. आताशा तिच्या डोक्यात काही टिकत नाही. सकाळी सांगितलं तर छाती पिटून रडली. दुपारी पुन्हा विचारलं, "कुठं गेली तुही बायको?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढीच रडली. संध्याकाळी म्हटलं, "वावरात गेली." तेव्हा निवांत जेवली.

तिची आंघोळ, वेणीफणी सगळं बायकोच करत होती. ते माझ्याच्यानं होईना. वरून बाई एकटीच तलावाकडे निघून जायला लागली. शेवटी अशा माणसांना सांभाळणारं घर पाहायचं ठरवलं. मले एकच पाहायचं होतं. तिथले लोक हे मरण तिला रोज नव्यानं सांगणार तर नाहीत?

दिघोरीहून निघताना बाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

"कुठं चाललो, माहीत आहे ना?"

"नाही तं काय! तुह्यासाठी पोरगी पाहाले."

मी दोन तिकिटं काढली. एसटीत भांडण कोण करते?

भंडाऱ्याचं घर चकाचक होतं. बाई खुर्चीवर बसली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "आणा पोरगीले."

तिथली मॅडम म्हणाली, "आजी, हे तुमचे भाऊ आता म्हातारे झालेत. यांची बायको वारली. लक्षात ठेवायचं हं."

बाईचे डोळे भरले. पुढे केलेला चहा तिनं मागे सरकवला आणि उठली. "बरं. कळवतो आम्ही."

मले नकार द्यायची गरजच उरली नाही.

दुसरं घर अड्याळकडे. कौलारू. ओसरीवर चार म्हाताऱ्या लसूण सोलत होत्या. बाईनं तिथंही पोरगी आणाले सांगितलं. घराची मालकीण हात पुसत आली.

"पोरगी धानाच्या रोवण्याले गेली, मावशी. चिखलातून आणू का तिले? बसा. नवरदेव कुठं आहे?"

बाईनं माझ्याकडे बोट केलं. मालकिणीनं मले खालून वर पाहिलं. "उमर जरा जास्तच दिसते."

"तेच तं! म्हणून हुंडा नाही मागत."

म्हाताऱ्या अशा हसल्या की सुपातला लसूण ओसरीभर सांडला. एक म्हणाली, "दात आहेत का, विचार." दुसरी म्हणाली, "टक्कल झाकाले फेटा मोठा घ्या." मीही हसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदा.

आत जाऊन खोल्या पाहिल्या, भात चाखला. मग मालकिणीला बाजूला घेतलं. "बाई रोज विचारते, माही बायको कुठं गेली म्हणून. तुम्ही काय सांगसान?"

"मी कायले सांगू? मीच तिले विचारीन, कशी आहे हो तुमची भावजय? मग तीच सांगत बसन."

ठरलं.

बाईला तिथंच ठेवून निघताना ती रडेल, म्हणून मी दारात घुटमळत होतो. ती खेकसलीच. "नवरदेवानं असं दारात उभं राहू नाही. जा तू. मी पोरगी पाहूनच येईन." असं बोलून लसूण सोलायला बसली.

त्या दिवशी घरी सवयीनं दोघांचा भात टाकला. उरला तो कुत्र्याला घातला.

आता बाजाराच्या दिवशी तिकडे जातो. गावात माझ्यापुढे बायकोचं कोणी नाव काढत नाही, मले वाईट वाटेल म्हणून. तिथं उलटं आहे. बाई दिवसभर तिच्याच गोष्टी सांगते, त्यामुळे जिनं तिला कधी पाहिलं नाही तीही तिला ओळखते. परवा ओसरीवर चप्पल काढतो न काढतो, तोच एका म्हातारीनं पकडलं.

"का हो, तुमची बायको झिंग्याचा रस्सा लय तिखट करते म्हणे?"

"करते," म्हटलं. "नाकातून पाणी येते."

"आन् वरून हासते?"

"हासते तं! खो-खो हासते." आणि मी तिच्या बाजूला बसून पुढचं सांगायला लागलो.