मानाची जागा, भिंतीच्या पायाशी

सारी-जारच्या उतारावर घर बांधायचं म्हणजे आधी डोंगराशी भांडण काढायचं. उतार कापून थोडी सपाटी करायची, तिच्यावर घर आणि अंगण बसवायचं, आणि मागे मातीचा जो उभा कडा उरतो तो आपल्या अंगणात मुक्कामाला येऊ नये म्हणून त्याच्यापुढे काँक्रीटची भिंत उभी करायची. माती पिवळी. सुकली की विटेसारखी, भिजली की खिरीसारखी. हिवाळाभर ती शहाण्यासारखी उभी असते. वसंतात वरचा बर्फ वितळला आणि त्यात पावसाने धरलं की तिला पाय फुटतात.

या भिंती बांधण्यात एर्गेशचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. आणि घाबरण्यातही नव्हता. "एर्गेश बायको शिंकली तरी घराला टेकू लावतो," असं त्याच्या बरोबरीचे लोक म्हणत. त्याची भिंत पायाशी एवढी रुंद असे की हा माती अडवतोय की रणगाडा, असं बघणाऱ्याला वाटावं. भिंतीमागे तो खडी भरायला लावी, मागचं पाणी निघून जावं म्हणून तळाशी अंगणाच्या बाजूने तिरके पाइप काढी, आणि हे पाइप ठिबकताना दिसले की मगच त्याला चहा गोड लागे. इतरांना नळ गळत असला की झोप येत नाही. एर्गेशचं उलटं होतं.

ही भीती त्याला उगाच लागली नव्हती. तरणा असताना त्याने आपल्या काकाचा गोठा डोंगराच्या पोटात जाताना पाहिला होता. गाय चरायला गेलेली, काका गप्पा मारायला. कोणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. गावाने चार दिवस हळहळ केली आणि विषय सोडून दिला. एर्गेशच्या मनातून मात्र त्याचा आवाज गेला नाही. म्हणजे आवाज झालाच नव्हता, हेच जाईना. एवढा थोरला गोठा, आणि झोपेत कोणी पांघरूण ओढून घ्यावं तसा डोंगराने तो ओढून घेतला होता.

अनारकान एजे, म्हणजे अनारकानताई, ही त्याच्याहून वडील, विधवा, आणि जिभेची एवढी धारदार की तिच्या अंगणात कोंबड्यासुद्धा हळू आवाजात बोलत. मुलाचं लग्न ठरवायचं म्हणून तिने अंगण वाढवलं, त्यासाठी डोंगर आणखी आत कापला आणि एर्गेशला बोलावलं. शरद ऋतूत भिंत उभी राहिली ती अशारने. म्हणजे सगळी आळी हातात फावडी घेऊन आली, आणि मजुरी म्हणून सगळ्यांना पोटभर पलोव, मांस घालून शिजवलेला भात. एर्गेशला अशारची धास्ती वाटे. फावडं एकाच्या हातात असतं आणि अक्कल सगळ्यांच्या तोंडात.

भिंत कमरेएवढी ओतून झाली आणि अनारकान एजेने कढईवरचं झाकण काढलं.

"चला रे, बसा!"

"एजे, मध्ये थांबायचं नसतं," एर्गेश काकुळतीला आला. "खालचा थर आवळला की वरचा त्याला धरत नाही. जोड राहतो."

"काँक्रीट काय पळून जातंय? पलोव गार होतो!"

लोक बसले. नुसते बसले नाहीत, चांगले ऐसपैस बसले. चहा झाला, दुसरा चहा झाला, एकाने आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. उठेपर्यंत खालचा थर आवळला होता. एर्गेशने तो टोचून टोचून खरबरीत केला, वर जास्तीच्या सळया खोवल्या, तरी भिंतीच्या कमरेला एक बारीक रेघ राहिलीच. त्या हिवाळ्यात तो झोपेत कूस बदलताना "जोड, जोड" असं पुटपुटे. त्याची बायको बुरुल म्हणे, "अहो, लग्न त्यांच्याकडे आहे. तुम्हाला कशाला जोड हवाय?"

वसंत आला तो पावसासकट आला. दर वर्षी अशा दिवसांत एर्गेश बूट चढवून आपल्या एकेका भिंतीला भेटायला जाई, आजारी म्हशीला थोपटावं तसं तिला थोपटे, पाइपांखाली हात धरून पाणी बघे. या वर्षी त्यालाच तापाने धरलं. बुरुलने बूट लपवले. "भिंती उभ्या आहेत, तुम्ही पडलात. आधी तुम्ही उभे राहा," म्हणाली. तो उभा राहिला तो थेट लग्नाच्या दिवशीच. पाऊस नुकताच उघडला होता. ऊन असं पडलं होतं की काही झालंच नाही.

अनारकान एजेचं अंगण नवरीसारखं नटलं होतं. फाटकापासून सर्वांत लांबची जागा ती मानाची, आणि या अंगणात सर्वांत लांब होती ती भिंत. तिच्या पायाशी गाद्या, लोड, गालिचे. पुढे लांबलचक दस्तरखान, त्यावर नानच्या चळती, मनुका, जर्दाळू, बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, रास. नवरीकडची वडील मंडळी भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली, मधोमध नवरीचे आजोबा कालमात, डोक्यावर उंच पांढरी टोपी, कानाने ठार बहिरे.

"एर्गेश! वर बस, वर!" अनारकान एजेने हाक मारली. "भिंत तुझी, मान तुझा."

तो आजोबांच्या शेजारी जाऊन बसला. पाठ टेकली. आणि भिंत त्याला फार छान वाटली. नको तितकी छान. पांढरी स्वच्छ, कडेला निळा पट्टा. त्याने सवयीने हात मागे, लोडाच्या खाली नेला आणि पाइप चाचपला. पाइप नव्हता. दुसरीकडे चाचपला. तिथेही नव्हता. बोटांना लागत होता तो गुळगुळीत, कोरडा गिलावा.

एवढ्या पावसानंतर कोरडा.

पलीकडे त्याचा जुना सोबती जोरो बसला होता. त्याने त्याला कोपराने ढोसलं. "जोरो, पाइप कुठे गेले?"

"कसले पाइप?"

"भिंतीतले! पाणी जायचे!"

"अरे ते होय? मानाच्या जागेवर पिवळा चिखल ठिबकत होता. एजेने जुन्या रजया कोंबल्या आणि वरून सिमेंट फासलं. छान दिसतंय की."

"मागे पाणी साठलंय, जोरो. आपल्या पाठीमागे. आत्ता."

जोरोने नान मोडला. "तुझ्या पाठीमागे गेली तीस वर्षं काहीतरी साठतंयच. खा."

एर्गेशने मान वळवून वर पाहिलं. चुन्यावर, कमरेएवढ्या उंचीवर, एक ओली रेघ उमटली होती. पलोवची रेघ. केसासारखी बारीक, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो बघत असतानाच तिच्यातून एक थेंब निघाला, आजोबांच्या टोपीच्या मागून सावकाश उतरला आणि लोडात जिरला. त्यानंतर आणखी एक.

अनारकान एजे चहा घेऊन आली तेव्हा त्याने तिची बाहीच धरली.

"एजे, या लोकांना उठवा. फाटकाकडे बसवा. भिंत सुटतेय."

एजेचा रंग उडाला. पण भिंतीमुळे नव्हे. "व्याह्यांना उठवू? मानाच्या जागेवरून? आणि फाटकापाशी बसवू, जोडे काढतात तिथे?" ती दातांवर दात ठेवून हसत हसत बोलत होती, कारण विहीणबाई बघत होती. "मुलगी परत नेतील, एर्गेश! ती शेळी शिजतेय, मांस वाटून होऊ दे, मग उठतीलच आपणहून."

मांस वाटून होईपर्यंत! कोणाला कुठलं हाड, हा मोठा नाजूक मामला. वयाने कोण मोठा, नात्याने कोण मोठा, यावर पुरुष घासाघीस करणार. कोणी "मला नको, यांना द्या" म्हणणार, ते "छे, तुम्हीच" म्हणणार. आणि त्याआधी कोणी उठलं तर ते रुसून उठलं, असा अर्थ. एर्गेशने फाटकाकडे पाहिलं. मोकळं होतं. लघवीला जातो म्हणून तो एकटा सहज निसटू शकला असता. त्याने तसा विचार केलाही. खोटं कशाला बोला. गुडघे तर आधीच निघाले होते. पण शेजारी आजोबांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "भिंत भक्कम आहे हो तुमची! पाठीला किती गार लागतंय!"

ओल आजोबांच्या पाठीपर्यंत पोचली होती.

पुढचं एर्गेशने ठरवून केलं नाही. ठरवायला डोकं लागतं आणि त्याचं डोकं भीतीने रिकामं झालं होतं. त्याने दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरले आणि चिरक्या आवाजात जेवणानंतरची दुआ म्हणायला लागला.

जेवण व्हायचं होतं. पलोव चुलीवर होता. शेळी शिजत होती. सगळ्यांत वडील आजोबा शेजारी बसलेले असताना दुआ म्हणणारा हा कोण? पण समोर कोणाचे हात उघडलेले दिसले की आपले खाली राहत नाहीत. ते लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. आजोबांना तर ऐकूच आलं नव्हतं, त्यांनी फक्त तळवे पाहिले. जेवण झालं वाटतं, आपण विसरलो, असं समजून त्यांनीही हात पसरले. मग सगळ्यांनीच पसरले.

"घरात भरभराट होवो, पोरं होवोत, नांदा, ओमीन!" एर्गेशने एका दमात उरकलं.

"ओमीन," असं म्हणत सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आणि ओमीन झाल्यावर बसून राहायचं नसतं. आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. ते उठले म्हणून सगळी ओळ उठली.

"फाटकाकडे! सगळे फाटकाकडे!" एर्गेश आजोबांना बगलेत धरून ओढत होता. विहीणबाई रागाने लाल होऊन जोडे घालत होती. अनारकान एजे जागच्या जागी उभी होती, तोंड उघडं, हातात किटली.

तेव्हा निळ्या पट्ट्याखालचा, पाइपावरचा गिलावा फुटला. सोडावॉटरची बाटली फुटावी तसा. पिवळं पाणी कारंज्यासारखं दस्तरखानावर आलं, मागोमाग रजईचा एक बोळा, आणि चिखल नानच्या चळतींमध्ये शिरला.

आणि बायका परत भिंतीकडे धावल्या. नान चिखलात पडला होता. नानवर पाय पडणं, नान वाहून जाणं, हे आमच्याकडे कोणाला बघवत नाही. हात आपोआप पुढे जातो. बुरुल पदर पसरून सर्वांत पुढे. वर रेघेच्या जागी आता बोट जाईल एवढी फट पडली होती आणि भिंतीचा वरचा भाग किंचित, अगदी किंचित, अंगणात डोकावत होता.

"बुरुल! टाक तो नान!"

असं वाक्य सारी-जारमध्ये कोणी कधी उच्चारलं नव्हतं. बुरुल दचकून वळली. नवऱ्याचं तोंड पाहिलं. तिने त्याला आयुष्यभर भिताना पाहिलं होतं. भिऊन ओरडताना कधीच नव्हतं. तिने पदरातले नान टाकले आणि बाकीच्या बायकांचे हात धरून त्यांना ओढत आणलं.

मग एर्गेश स्वतः आत गेला. जीव मुठीत धरून, भिंतीच्या अगदी पायाशी, दुसऱ्या टोकाला. एका पाइपावरचा गिलावा त्याने पहारीने फोडला आणि उडी मारून बाजूला झाला. नुसता चिखल गळला. पुन्हा गेला. यावेळी पाणी आलं. आणखी एक फोडला. प्रत्येक वेळी पळून परत यायचा, फाटकाला हात लावायचा आणि पुन्हा आत जायचा, शिवाशिवीतल्या पोरासारखा. कोणी हसलं नाही. पाण्याचा जोर हळूहळू उतरला. फट तेवढीच राहिली. भिंत झुकली होती तेवढीच झुकून थांबली.

लोक बाहेर गल्लीत उतारावर जमेल तसे टेकले. कढई ओढून बाहेर आणली गेली. विहीणबाई कोणाशी बोलत नव्हती. ताटं वाटली जात होती, पण कोणी हात लावत नव्हतं; दुआ होऊन गेल्यावर जेवायचं कसं, हा नवाच पेच पडला होता.

अनारकान एजे एर्गेशच्या शेजारी येऊन उकिडवी बसली. दबक्या आवाजात म्हणाली, "खरं सांग. पडली असती?"

"माहीत नाही, एजे."

"माहीत नाही?"

"जोडावर सळया जास्तीच्या आहेत. कदाचित तशीच उभी राहिली असती वर्षानुवर्षं. कदाचित मांस वाटताना आली असती. माहीत नाही."

एजेने त्याचं मनगट धरलं. "ते बघ व्याही. मानाच्या जागेवरून उठवलंय त्यांना, उपाशी. नान तुडवलाय. तू माहीत नाही म्हणालास तर माझ्या पोराचा संसार आजच मोडला. जा आणि सांग. पडली असती म्हणून सांग."

एर्गेश उठला. आयुष्यात कोणाला खात्रीने काही सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो कालमात आजोबांसमोर जाऊन उभा राहिला. विहीणबाईने मान वर केली.

"भिंत पडली असती," तो मोठ्याने म्हणाला, आजोबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तुमच्या अंगावर. आवाजसुद्धा झाला नसता."

आजोबांनी मागे हात नेऊन आपला ओला चिंब कोट चाचपला. विहीणबाईने नवरीचा हात घट्ट धरला आणि मग हळूच, दुसऱ्या हाताने, अनारकान एजेला शेजारी बसायची खूण केली.

हे एर्गेशने पाहिलंच नाही. मनातल्या मनात होती तोवर ती त्याची नेहमीची भीती होती, घरातल्या मांजरासारखी. आता ती तोंडातून बाहेर पडली होती आणि सगळ्यांनी खरी मानली होती. त्याला ती ओळ दिसली: भिंतीला पाठ टेकून बसलेली, चहा पिणारी, मधोमध पांढरी टोपी. तो भर गल्लीत मटकन खाली बसला, आणि बुरुल पळत येऊन त्याला मागून टेकू देऊन बसली.