काडेपेटीतला लाल गम

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. आई एवढंच म्हणाली, "दत्तामामा गेला गं तुझा. छातीत दुखलं म्हणे. तू ये." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि राहिलेल्या दोन नोंदी वहीत लिहिल्या. मग हिंगोलीच्या स्टँडवरून गोरेगावची जीप धरली. असं का वागले, मला सांगता येत नाही. त्या दिवशी रडू आलं नाही, आणि आता पाच आठवडे होत आले तरी आलेलं नाही. मामाला एक गोष्ट सांगायची राहिली. ती निदान लिहून ठेवावी, एवढंच आहे...

मामा गोरेगाव ते हिंगोली जीप चालवायचा. जीप जुनी, पण तिच्या इंजिनाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. प्रवेशाला तोच सोबत आला होता, पण खिडकीपाशी मलाच पुढे ढकलून म्हणाला, "तू बोल माय. स्टेअरिंग हातात नसलं की मला बोलता येत न्हाई." मागे उभे असलेले सगळे हसले. मग मला बोलता आलं.

सुट्टीत मी त्याच्या कामात हात घालायची. गेल्या दिवाळीत इंजिनाचं चेंबर, म्हणजे तळाशी तेल साठतं ते भांडं, पाझरायला लागलं. मामाने ते खोलून धुतलं, नवं पॅकिंग आणलं आणि सांधा पाझरू नये म्हणून त्याला ट्यूबमधला लाल गम लावायचं काम मला दिलं. "बारीक रेघ ओढ, काजळावानी," म्हणाला आणि चहा आणायला गेला. मला वाटलं, जास्त लावला तर पुन्हा कधी पाझरणारच नाही. मी जवळपास अर्धी ट्यूब लावली. तो येईपर्यंत चेंबर वर धरून दोन बोल्टही आवळले, आणि बाहेर आलेला गम फडक्याने पुसून टाकला. आत किती गेला असेल, हे मनातही आलं नाही. मामाने बाकीचे बोल्ट आवळले आणि "झ्याक" म्हणाला.

शिवरात्रीच्या सुमारास मी घरी आले तेव्हा जीप टिकटिक करत होती. थंड असताना कमी, सेनगावपर्यंत तापली की जास्त. थांब्यावर उभी राहिली की तेलाचा लाल दिवा मिणमिणायचा. मामाने दांडी काढून तेल पाहिलं, ते बरोबर होतं. फिल्टर बदलला, फरक नाही. दिवा खोटं बोलत असेल म्हणून दुसऱ्या ड्रायव्हरकडून प्रेशरचा काटा आणून लावला. तापल्यावर तोही खाली पडला. मग त्याने लाकडी मुठीचा लांब पेचकस घेतला, टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आधी वरच्या झाकणावर, मग खाली चेंबरजवळ. नंतर मूठ माझ्या कानाला दिली.

"वर टिकटिक हाय, खाली ठोका न्हाई. म्हंजे बेअरिंग शाबूत हायेत. तेल वर चढून न्हाई राहिलं."

थांब्यावरचे दोघे ड्रायव्हर बघत होते. एक म्हणाला, "दत्ता, काहून डोकं लावून राहिला? ट्रॅक्टरचं जाड तेल घाल. आवाज बंद!"

"आवाज बंद व्हईल, तकलीफ न्हाई," मामा म्हणाला आणि त्या दिवसाच्या फेऱ्या सोडून चेंबर खोललं.

तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. ती जाळी लाल गमच्या तुकड्यांनी बुजली होती... मी शेजारीच उभी होते. मामाने ते तुकडे बोटाने काढले, खिशातल्या काडेपेटीतल्या काड्या ओतून दिल्या आणि तुकडे तिच्यात भरले. दोघे वाकून बघायला आले तेव्हा पेटी खिशात गेली होती. "जुना गाळ व्हता," मामा म्हणाला. माझ्याकडे एकदा पाहिलं. "चहा सांग माय, चौघांना."

मी चहा सांगितला. बाकी काही बोलले नाही. नंतर किती वेळा त्याच्या शेजारी बसून हिंगोलीला गेले, पण मागे लोक असायचे. परीक्षा झाल्यावर सांगू, असं ठरवलं होतं.

गेल्या आठवड्यात जीपची बॅटरी उतरू नये म्हणून ती सुरू करायला गेले. मामीने अवजारांची पेटी काढून दिली. पेचकसाखाली काडेपेटी होती. मी ती उघडली. आत लाल तुकडे होते.

"तुझा गम हाय त्यो," मामी म्हणाली. "त्याच दिशी सांगितलं व्हतं त्येनं. म्हणला, कुणाला बोलू नको. हात चांगला हाय पोरीचा, घाई करती फक्त."

"मग मला काहून नाही बोलला?"

मामीने पेचकस उचलून माझ्या हातात दिला. "तू सांगशील म्हणून वाट बघून राहिला व्हता."

मी जीप सुरू केली. तापेपर्यंत थांबले. तेलाचा लाल दिवा मिणमिणला नाही. मग उतरून पेचकसाचं टोक झाकणावर टेकवलं. मूठ एका बाजूने गुळगुळीत झाली आहे, तीच बाजू कानाला लावली आणि डोळे मिटले. वर ऐकलं, खाली ऐकलं. टिकटिक नव्हती. सगळं बरोबर चाललं होतं. मामी दारातून विचारत होती, "काय म्हणती गं गाडी?" मला मूठ कानापासून काढता येईना.