सेमाडोहच्या डोंगरातला एकच खांब

हल्ली लोक मेळघाटात वाघ बघायला जातात. आम्ही माझ्या मेव्हण्याला शोधायला गेलो होतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलो होतो. थोरली बहीण कुसुमताई हिचा नवरा महायुद्धात बॉम्बफेकी विमानात मागच्या मशीनगनवर असायचा. पायलट एक सरदारजी आणि हा, असे दोघेच. विमान कुठेतरी कोसळलं, दोघे बेपत्ता, एवढंच सरकारनं कळवलं. तेव्हापासून ताई अकोल्यातच सासरी कुंकू लावून वाट बघत होती. "माहा पोरगा येईल म्हन्जे येईल," सासू ठासून सांगायची. मग एका लाकूडवाल्या ट्रक ड्रायव्हरकडून कळलं, की मेळघाटातल्या सेमाडोहच्या वर एका झोपडीचं दार विमानाच्या पत्र्याचं आहे. मला तो थापाड्या वाटला. मला तेव्हा सगळेच तसे वाटत. ताई म्हणाली, "तू नको येऊ, मी चालली." म्हणजे जाणं आलंच.

बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, अमरावतीहून परतवाड्याची एस.टी. परतवाड्यात पोटभर खाऊन घ्या, पुढे काही मिळेल याचा भरवसा नाही. आम्ही कढी-भाकर खाल्ली. खाणावळवाला फार चौकशा करायला लागला, तेव्हा "लग्नाले चाललो" असं ठोकून दिलं. पुढे बांबूच्या रिकाम्या ट्रकमधून सेमाडोह. घाटाच्या वळणांवर ती कढी वर येते, म्हणून जागा पुढची पकडावी. आता डांबरी रस्ता आहे म्हणतात. सेमाडोहपासून आम्ही पायीच गेलो.

गाव कोरकू आदिवासींचं. आम्ही दिसताच बायका आत गेल्या. पत्र्याचं दार मात्र लपवता येण्यासारखं नव्हतं, त्यावर रिव्हेटांच्या रांगा होत्या.

"विमान? इकडं कोनतं विमान?" गावचा म्हातारा पटेल, म्हणजे त्यांचा पाटील, म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "मंग हे दार का आभायातून पडलं? मेलेल्या मानसाले लुटलं तुमी!"

"तू सरकारी मानूस हाय," तो म्हणाला आणि मला पाठमोरा झाला.

शेवटी ताईच पुढे झाली. "बाबा, माहा नवरा होता त्यात."

म्हातारा तिच्या कपाळाकडे बघत राहिला. "पत्रा घेतला आमी. मानूस नाई टाकला उघड्यावर. चल."

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली सागाचे कोरीव खांब रोवलेले होते. कोरकूंमध्ये माणूस गेला की त्याच्या नावाचा असा खांब उभा करतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. (तुम्ही गेलात तर हात लावू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो तर नकोच.) एका खांबावरच्या घोड्याला पंख होते. ताईनं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. मग एकदम वळली.

"दोघं होते. खांब एकच काहून?"

"मेला एकच. लंबे केस, दाढी, हातात लोखंडाचं कडं."

म्हणजे सरदारजी. ताई तिथंच मातीत बसली.

"दुसऱ्याचा पाय मोडला होता," म्हातारा म्हणाला. "पावसाळाभर आमच्यात राह्यला. तुमच्यावानीच बोले. बरा झाला, धोतर मांगतलं अन् चालत गेला. कोनाले सांगू नका म्हने, फौजवाले धरतीन."

"खोटं बोलून राहिला तू! तुमीच मारलं असन त्याले!" मी ओरडलो.

म्हाताऱ्याला माझी कीवच आली असावी. "मारलं असतं तं खांब केला असता. जित्या मानसाचा खांब कसा रोवू?"

परतीच्या ट्रकमध्ये ताई मागे डोंगराकडे तोंड करून बसली. परतवाड्याला मी संत्री घेतली, ती तशीच राहिली. मला मेव्हण्याचा असा संताप आला होता की घाट कधी उतरलो तेही कळलं नाही. फौजेची भीती मी समजू शकतो. पण लढाई संपली, इंग्रज गेला, तरी बायकोला एक निरोप नाही?

मेळघाट सुंदर आहे, जरूर जा. मला मात्र त्या प्रवासातलं अजून छळतं ते अकोल्याला पोचल्यावरचं. सासू दारातच उभी होती. "सापडलं का काई?"

"हो, आत्याबाई. ते गेले. तिथं त्यायचा खांब हाये," ताई म्हणाली.

पोरगा गेल्याचं ऐकून आई मटकन खाली बसते. ह्या बाईंनी डोळे बारीक केले. "खोटं! जिता हाये तो."

"तुमाले कसं माईत?"

सासूनं ओठ चावला आणि तोंड फिरवलं. तेव्हा कळलं, हिला सगळं ठाऊक होतं. कुठं आहे तो, कदाचित कुणाबरोबर आहे, तेही.

ताईनं पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं. "तुमच्यासाठी असन जिता," ती म्हणाली. "मी तं त्याले पुरून आली."

आणि उंबरठा न ओलांडता ती माझ्याबरोबर माहेरी निघाली.