चार दहाची तपकिरी

टेलरबाईंचं शिवणयंत्र अजून त्याच खिडकीशी आहे. तळमजल्यावरची ती खिडकी मागच्या आवारात उघडते. समोर पंपाची खोली, कपडे वाळत घालायच्या तारा, सायकलींची शेड आणि पलीकडे कंपाउंडची भिंत. दोरा ओवायला बाई मान वर करतात तेव्हा नजर सवयीनं भिंतीवर जाते आणि रिकामीच परत येते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी त्या भिंतीवर शेपट्या लोंबत असायच्या. मोजून अकरा मांजरं. कोणाची म्हणाल तर कोणाचीच नाहीत, आणि कागाळी आली की सगळी टेलरबाईंची. मांजर वाघाची मावशी आणि टेलरबाई मांजरांच्या, म्हणजे वाघाशी यांचं नातं काय, असं कोडं तिसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी एकदा जिन्यात घातलं होतं. बाई हसल्या होत्या. ब्लाउजच्या गळ्यावरून रोज बायकांची बोलणी ऐकणाऱ्या बाईला असल्या टोमण्यांचं काय?

बिल्डिंगमध्ये तेव्हा दोन पक्ष होते. एक खिडकीतून उष्टं फेकणारा, दुसरा खिडकीतून पाणी फेकणारा. बाई दोन्हींतल्या नव्हत्या. त्यांचं सगळं मापात. सकाळी पंपाच्या खोलीमागे ठरलेल्या जागी तीन ताटल्या, आणि वीस मिनिटांनी ताटल्या धुऊन परत घरात. मागे ना माशी, ना वास. पण पोटभर जेवणाऱ्या मांजरांना पिल्लंही भरपूर होतात, हे गणित बाईंच्या उशिरा लक्षात आलं. एका वर्षी दोन महिन्यांत चार विणी झाल्या. पिल्लं सायकलींच्या शेडमध्ये, पिल्लं पंपाच्या मोटारीशी, कोणाच्या तरी धुण्याच्या टोपलीत सुद्धा. त्यांतली निम्मी डोळे चिकटून, खंगून गेली. बोक्यांच्या मारामाऱ्यांनी आणि जिन्यातल्या वासानं लोकांच्या नाकी नऊ आले. बाईंनी त्या दोन महिन्यांत आवाराच्या कोपऱ्यात सात खड्डे खणले. सातव्या वेळी फावडं टेकवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मी यांना जेवायला घालत नाहीये. मी यांना मरायला जन्माला घालतेय."

त्यांचे यजमान बस डेपोत टाइमकीपर होते. एकतीस वर्षं कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली एवढंच त्यांनी लिहिलं, आणि निवृत्त झाल्यावर लिहायला काही उरलं नाही. सगळी बिल्डिंग त्यांना टाइमकीपरच म्हणे. मांजरांचं नाव काढलं की ते वर्तमानपत्र आणखी उंच धरत. घरात माणसाच्या चहाला उशीर होतो, पण मांजरांच्या ताटल्या वेळेवर जातात, ही त्यांची कायमची तक्रार. त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले की फावडं धुऊन ठेव.

बाई जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथली तरुण डॉक्टरीण कामाची होती. तिनं सरळ सांगितलं: पिंजऱ्यात पकडा, इथे आणा, ऑपरेशन करून देते, डाव्या कानाचं टोक कापते म्हणजे झालेलं मांजर लांबूनही ओळखता येईल, आणि जिथून आणलं तिथेच सोडा. परत तिथेच सोडायचं तर उपयोग काय, असं बाईंनी विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, जागा रिकामी राहत नाही. ही हाकलली की दुसरी येतात, आणि त्यांना पुन्हा पिल्लं. ही राहिली तर आपली हद्द राखतील, मारामाऱ्या थांबतील, आणि हळूहळू आपोआप कमी होतील."

मग बाईंच्या हाताला नवं काम आलं. जुन्या चादरींच्या त्यांनी पिंजऱ्यावर घालायच्या खोळी शिवल्या, कारण अंधार झाला की मांजर धडका मारायचं थांबतं. प्रत्येक मांजराच्या रंगाची एकेक चिंधी यंत्रासमोरच्या फळीवर टाचली, आणि मांजर ऑपरेशन होऊन आलं की त्या चिंधीचा डावा कोपरा कात्रीनं उडवला. ब्लाउजची मापं द्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, हे नमुने कशाचे? बाई सांगायच्या, गिऱ्हाइकांचे.

सगळ्यांत अवघड होतं ते उपाशी ठेवणं. पिंजरा लावायचा त्याच्या आदल्या दिवसापासून मांजराला काही द्यायचं नाही. भुकेलं असेल तरच ते डब्यातल्या मासळीच्या वासावर आत शिरतं, आणि भुलीच्या औषधालाही पोट रिकामं लागतं. बाईंनी आयुष्यात दारी आलेल्याला उपाशी पाठवलं नव्हतं. त्या दिवशी त्या खिडकी लावून घेत आणि यंत्र जोरात चालवत, ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून.

अशी नऊ झाली. दहावा दांडगट बोका दोनदा निसटून तिसऱ्यांदा सापडला. राहिली एक तपकिरी.

तपकिरी ही त्या गोतावळ्याची मूळ भाटी. निम्मी मांजरं तिच्याच पोटची. अंगावर तपकीर सांडल्यासारखे ठिपके आणि चेहरा कायम हिशेब चुकल्यासारखा. ती कोणाच्या हाताला लागत नसे. आणि नेमकं त्याच वेळी सेक्रेटरींनी बाईंना जिन्यात थांबवलं. माणूस वाईट नव्हता, पण रोज चार दारांवरून तक्रारी ऐकून कावला होता.

"वहिनी, तुमच्या शब्दावर मी लोकांना सहा महिने थोपवलं. येत्या रविवारी मीटिंग आहे. तोवर सगळ्यांचे कान कापलेले दिसले तर मांजरं राहतील. एक जरी राहिलं तर पोती घेऊन येणाऱ्या माणसाला मी सांगून ठेवलंय. बाजारापलीकडे सोडेल तो."

"सगळी?"

"सगळी. एकीला पिल्लं झाली की परत पहिल्यापासून तेच. मला दर वर्षी हेच बोलायला लावू नका."

म्हणजे अकरा मांजरांचा जीव एका तपकिरीवर टांगलेला. बाईंनी सोमवारी अन्न बंद केलं आणि मंगळवारी पिंजरा लावला. तपकिरी आली, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, समोर बसून आरामात तोंड धुतलं, आणि मेजवानीहून परतणाऱ्या पाहुणीसारखी भिंतीवरून निघून गेली. बुधवारी तेच. गुरुवारी तर ती पिंजऱ्याला पाठ टेकून झोपली. चार दिवसांच्या उपाशी मांजराची ही लक्षणं नव्हती. कोणीतरी तिला घालत होतं.

बाईंनी उष्टं फेकणाऱ्या पक्षाची दारं वाजवली. सगळ्यांनी हात झटकले. पहिल्या मजल्यावरच्या आजी तर शपथ घ्यायला निघाल्या. बाई चरफडत घरी आल्या आणि हाताला चाळा म्हणून धुणं काढायला बसल्या. यजमानांचा निळा शर्ट हातात आला. खिशावर तेलाचा गोल डाग. खाली पांढरा शर्ट, त्याच्याही खिशावर तसाच. चौकड्यांच्या शर्टाचा खिसा त्यांनी नाकाशी नेला. तळलेल्या मासळीचा वास. असे डाग त्यांनी याआधीही धुतले होते, कशाचे ते कधी बघितलं नव्हतं. आपल्या पानातली मासळी हा माणूस आधी संपवून उठतो आणि चार वाजले की खाली चक्कर मारायला जातो, याचं कारण त्यांना धुण्याच्या ढिगात सापडलं.

टाइमकीपर वर्तमानपत्र वाचत होते. बाईंनी तिन्ही शर्ट त्यांच्यासमोर टेबलावर मांडले, खिसे वर करून.

"हे काय आहे?"

त्यांनी शर्टांकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "धुतलं की जाईल."

"अहो, तिला उपाशी ठेवायचं होतं. मी चारचारदा सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"मग?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग जे बोलले ते बाईंना पुढे कित्येक वर्षं जसंच्या तसं आठवत राहिलं. "चार दहाला ती पंपाच्या खोलीमागे येते. दीड वर्ष झालं. एक दिवस चुकली नाही. मला पोचायला दोन मिनिटं उशीर झाला तर थांबते. मी न जाऊन कसं चालेल?"

दीड वर्ष. बाईंना भांडायचं होतं, पण त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. ज्या माणसाच्या मांजरांबद्दलच्या तक्रारी ऐकत त्यांनी संसार केला, तो रोज चार वाजता खिशात मासळी घालून कोणालातरी भेटायला जात होता, आणि हे घरात सांगायला लाजत होता. डेपोत चार दहाला पाळी बदलायची. तेव्हा दिवसातून एकदा सगळे त्यांच्या खिडकीशी यायचे. निवृत्तीनंतर चार दहाला ते घरभर कसे येरझारा घालायचे, ते बाईंना आता आठवलं. त्या येरझारा दीड वर्षापूर्वी थांबल्या होत्या, आणि आपल्या लक्षातही आलं नव्हतं.

पण रविवार तोंडावर होता. बाईंनी शर्ट उचलले आणि हलकेच म्हणाल्या, "ती माझ्या हातून पिंजऱ्यात जाणार नाही. तुमच्याच हातून जाईल."

"मी नाही करणार."

"मग पोत्यात जाईल. बाकीच्या दहांबरोबर."

टाइमकीपर त्या दिवशी जेवले नाहीत. शुक्रवारी ते चार दहाला गेले, पण रिकाम्या खिशानं. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. ती पायात घुटमळली, खिशाकडे बघत राहिली, एवढंच त्यांनी सांगितलं. शनिवारची वेळ बाईंनी डॉक्टरणीकडून आधीच मागून घेतली होती. संध्याकाळपर्यंत आणलंत तर रात्री थांबून करते, असं ती म्हणाली होती.

शनिवारी चार वाजता बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहिल्या. पंपाच्या खोलीमागे पिंजरा उघडा. शेजारी उपड्या बादलीवर टाइमकीपर, मांडीवर खोळ. चार दहाला तपकिरी भिंतीवरून उतरली. पिंजऱ्याकडे तिनं बघितलंही नाही, सरळ त्यांच्या पायाशी आली. त्यांनी खिशातून कागद काढला, मासळीचा तुकडा तिला दाखवला, आणि हात लांब करून तो पिंजऱ्याच्या आत टोकाला ठेवला. ती थांबली. एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आणि ज्या पिंजऱ्याला तिनं मंगळवारपासून हुंगून सोडलं होतं, त्यात ती चालत गेली, कारण तुकडा त्यांनी ठेवला होता.

दार पडल्याचा आवाज बाईंना बंद काचेतून ऐकू आला. तपकिरी आत उसळली. टाइमकीपरांनी खोळ घातली, वर तळवा टेकला आणि वाकून काहीतरी बोलायला लागले. बाई धावत पोचल्या तेव्हा ते म्हणत होते, "दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं. आलीच गाडी." एकतीस वर्षं ते रखडलेल्या उतारूंना हेच सांगत आले होते, आणि तेव्हाही ते क्वचितच खरं असायचं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डॉक्टरीण म्हणाली, बरीच बाळंतपणं झालीत हिची, आता सुटली बिचारी. रविवारी दुपारी, मीटिंगच्या आधी, त्याच जागी पिंजरा उघडला. तपकिरी गोळी सुटावी तशी निघाली आणि भिंतीपलीकडे गेली. वळून बघितलं नाही. सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये बुधवारपर्यंत मुदत मागून घेतली, स्वतः चष्मा लावून खाली आले, दोन दिवस कान मोजत फिरले, आणि बुधवारी तपकिरी भिंतीवर दिसल्यावर म्हणाले, झालं तर मग, वहिनी. पोतीवाला आला नाही.

टाइमकीपर मात्र रोज चार दहाला जात राहिले. ती यायची, पण भिंतीवरच बसायची. ते ताटली ठेवून जिन्याच्या पायरीपर्यंत मागे आले की मग खाली उतरायची. आधी वीस पावलं, वर्षभरानं बारा, पुढे सहा. सहाच्या आत ती नंतर कधीच आली नाही. बाई एकदा म्हणाल्या, विसरेल हो. ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे."

आणि डॉक्टरीण म्हणाली होती तसंच झालं. त्यानंतर आवारात एकही पिल्लू जन्मलं नाही. बोके शहाण्यासारखे उन्हात लोळायला लागले. अकराची नऊ झाली, नवाची सहा, एकेक आपल्या वयानं गेलं, आणि लोकांच्या ध्यानातही आलं नाही. हेच हवं होतं. याचसाठी बाईंनी इतके दिवस खिडकी लावून घेतली होती. शेवटी तपकिरी राहिली, आणि दोन वर्षांपूर्वी एका थंड सकाळी तीही पंपाच्या खोलीमागे, ऊन येतं त्या जागी, झोपल्यासारखी सापडली. हा शेवटचा खड्डा टाइमकीपरांनी खणला. बाईंना फावड्याला हात लावू दिला नाही.

आता पहिल्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. परवा तिथली सून धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "काका, एवढं मोठं आवार आणि एक मांजर नाही?"

"होती. अकरा होती," टाइमकीपर म्हणाले आणि बादली उपडी घालून बसले. मग तिला त्यांनी सगळं सांगितलं. दांडगट बोका, चादरींच्या खोळी, सेक्रेटरींचं कान मोजणं. सांगता सांगता तपकिरीपर्यंत आले आणि जरा थांबले. खिडकीत बाईंचं यंत्रही थांबलं होतं.

"ती फार हुशार," ते म्हणाले. "कोणाला सापडत नव्हती. शेवटी कंटाळली आणि आपणहून गेली पिंजऱ्यात. मी नुसता बसलो होतो बाजूला."

बाईंनी मान खाली घातली आणि पायाखालची पट्टी दाबली. सुईखाली कापड नव्हतं. तरी यंत्र चालू राहिलं, त्यांची गोष्ट संपेपर्यंत.