प्रमाण बरणी आणि मिस वर्ना

नाव: सिसेल, वर्ना मे. वय: एकसष्ट. पद: चव-परीक्षण समिती, सदस्य, श्रेणी दोन. सेवा: चौतीस वर्षं. कामाची उपकरणं: नाक एक, जीभ एक (कंपनीनं पुरवलेली नाहीत). पथ्य: कामाच्या दिवशी कांदा, कॉफी व सुगंधी साबण वर्ज्य. शिस्तभंग: एक. सेवासमाप्तीचं कारण: वयोमानानुसार घ्राणक्षमता क्षीण झाल्याचं रीतसर चाचणीअंती आढळून आलं.

ही नोंद आमच्या डिस्टिलरीच्या कचेरीत, हिरव्या फाइलमध्ये आहे. तिच्यातलं नाव आणि वय बरोबर आहे.

आमच्या कॉलर्स फोर्ड गावातल्या प्रत्येक घराची भिंत काळी आहे. गोदामातल्या पिंपांमधून जी दारू हवेत उडून जाते, तिच्यावर एक बुरशी पोसली जाते आणि ती चर्च, शाळा, शेरीफचं घर असा भेद करत नाही. दर वसंतात आम्ही भिंती धुतो आणि संध्याकाळी आमच्याच डिस्टिलरीची बर्बन व्हिस्की, सॉरेल मेअर, पितो. लेबलवर तांबडी घोडी आहे, म्हणून सगळे तिला घोडीच म्हणतात. पंधरा डॉलरला बाटली, दुकानात अगदी खालच्या फळीवर. परगावचे शौकीन नव्वद डॉलरची बर्बन काचेच्या कपाटात मांडून ठेवतात आणि पाहुण्यांना दुरून दाखवतात. आम्ही बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मयताला घोडी पितो. तिच्यावर आजवर कुणी लेख लिहिला नाही. तिची चव मात्र एका बाईनं सांभाळली होती.

पद्धत अशी. नवी बॅच बाटल्यांत भरण्याआधी समितीतल्या पाच जणांपुढे तीन-तीन पेले ठेवायचे. दोन पेल्यांत प्रमाण बरणीतला नमुना, एकात नवी बॅच. वेगळा पेला कुणालाच ओळखता आला नाही, तर बॅच प्रमाणाशी जुळली. मग पाचही जणांनी सही करायची. चौघं नाक खुपसून, कपाळाला आठ्या घालून बसायचे. वर्ना तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायची, घोट घासासारखा चावायची, मग एक थेंब तळहातांवर चोळून पुन्हा हुंगायची. तिचे शेरे मी जपून ठेवलेत. एका बॅचखाली तिनं लिहिलं होतं: 'बरी आहे. पण रविवारचे बूट घालून गोठ्यात आलीय.'

पेले मांडणं आणि बरणी सांभाळणं हे माझं काम. वीस लिटरची काचेची बरणी, कुलपात. बरणी अर्धी झाली की आतली हवा नमुना बिघडवते, म्हणून नियम होता: शेवटच्या मंजूर बॅचनं ती पुन्हा भरावी. नियमात मला कधी काही खटकलं नाही. अकरा वर्षं मी ती भरत होतो.

एप्रिलमध्ये वर्नाचा भाऊ डोर्सी गेला. तोही आमच्याकडेच, पिंपं लोटणारा. दफनानंतर चर्चच्या सभागृहात जेवण होतं. हॅम, तळलेलं चिकन, शेंगा. डोर्सीच्या तळघरात घोडीची एक न फोडलेली बाटली सापडली होती, ती वर्नानं तिथंच फोडली आणि सगळ्यांना घोट-घोट दिली.

शेजारचा हॉबर्ट म्हणाला, "डोर्सीनं उभ्या जन्मात कुणाला फुकट पाजली नाही. मेल्यावर सुधारला म्हणायचा."

लोक हसले. वर्ना घोट चावत होती, ती हसली नाही. तिनं बाटली उलटी करून बुडाच्या काचेत उमटलेलं वर्ष पाहिलं. शून्य नऊ.

"लायल, इकडे ये. पी हे."

मी प्यालो. गोड ज्वारीची काकवी, तंबाखू वाळवायच्या कोठारातला वास, अक्रोडाची साल. गिळल्यावरही ती चव जाईना. बसली जिभेवर पाय पसरून.

"काय आहे हे?"

"घोडी."

"मग शुक्रवारी आपण मंजूर केलं ते काय होतं?"

मी ताटातल्या हॅमकडे पाहिलं.

"मी सांगते. कच्चा मका आणि ओली फळी. आणि खाली माझी सही, 'प्रमाणाशी जुळते'. लायल, बरणीत काय आहे?"

मी नियम सांगितला. सांगता सांगता माझ्याच डोक्यात उजेड पडला, हे लिहायला लाज वाटते. सात वर्षं मुरलेल्या पिंपांऐवजी कंपनी आधी साडेसहाची काढायला लागली, मग सहाची, असं करत चाराला येऊन टेकली होती. दर बॅच मागच्या बॅचशी जुळत होती आणि मागची बॅच बरणीत होती.

"म्हणजे घोडी सोडली आणि शिंगरू बांधलं," वर्ना म्हणाली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "एकेक पाऊल. आणि कुणाच्या जिभेवरून नेलं? माझ्या. एकशे बारा सह्या आहेत माझ्या. चोर परवडला रे, तो निदान राखणदाराची सही घेत नाही."

सोमवारी नव्या बॅचचा कागद सहीसाठी आला. व्यवस्थापक ब्राइस हॅलोरन, लुईव्हिलचा, खिशावर घोडी भरतकामानं काढलेला शर्ट घालून हजर होता. वर्नानं डोर्सीची उरलीसुरली बाटली टेबलावर ठेवली आणि त्याच्यापुढेच तीन पेले मांडले. दोन बरणीतले, एक बाटलीतला.

"ओळखा."

त्यानं हुंगलं आणि मधला पेला उचलला.

"बघा," वर्ना म्हणाली, "तुम्हालासुद्धा कळलं."

"मिस वर्ना, ही बाटली नोंदलेला नमुना नाही."

"नमुना नाहीच ती. दारू आहे."

"प्रमाण म्हणजे बरणीत जे असेल ते. व्याख्याच तशी आहे."

"आणि बरणीत खोकल्याचं औषध ओतलं तर?"

"तर पुढच्या बॅचला त्याच्याशी जुळावं लागेल," हॅलोरन म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. "शिवाय गिऱ्हाइकांची एकही तक्रार नाही."

"कशी असेल? नव्वदवाल्याला पत्रं लिहायला वेळ असतो. पंधरा डॉलर देणारा माणूस कामावरून येतो, दोन बोटं ओततो आणि समजतो की आपलीच जीभ म्हातारी झाली. हॉबर्ट मला दोन वर्षं हेच सांगतोय. मी त्याला हसत होते!" तिनं टेबलावर हात आपटला, पेले हलले. "सात वर्षांची पिंपं काढा. नाही जमत, तर लेबलवर छापा की दारू बदललीय. तोवर माझी सही नाही."

"तुमच्या सहीशिवाय बॅच भरता येत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर."

मग तिनं बरणी उचलली. वीस लिटर, एकसष्ट वर्षांची बाई. मोरीपाशी नेली आणि पालथी केली. रिकामी व्हायला बराच वेळ लागला. एवढ्या वेळात कुणीही तिला अडवू शकलं असतं. खोलीभर कच्च्या मक्याचा वास सुटला.

"घ्या," ती म्हणाली. "आता जुळवा."

शिस्तभंग: एक, तो हा.

दुपारी तीनपर्यंत बरणी पुन्हा भरली होती, शुक्रवारच्याच बॅचनं. मीच भरली.

आठवड्यानं कचेरीतून पत्र आलं: श्रीमती सिसेल यांच्या घ्राणक्षमतेची चाचणी घेण्यात यावी. अठरा फेऱ्या, प्रत्येकीत तीन पेले. तिन्हींत एकच दारू, फक्त एका पेल्यात चमचाभर पाणी जास्त. हॅलोरन शेजारी बसला. वर्ना डोर्सीची टोपी घालून आली होती.

"पाणी?" पहिल्या फेरीनंतर तिनं मला विचारलं. "चौतीस वर्षांनी मला पाणी ओळखायला बसवलंय?"

मी मान हलवली नाही, पण ती माझा चेहराही वाचायची.

त्यानंतर ती नुसतं बोट ठेवायची. हा. हा. हा. शेवटचा पेला खाली ठेवून तिनं टोपी सारखी केली आणि कुणाचाही निरोप न घेता गेली. दुसऱ्या दिवशी समितीत तिच्या जागी विक्री विभागातली एक मुलगी आली. तिनं सही केली.

चाचणीचा तक्ता फाइलला लावायचं काम माझं. लावायला गेलो तेव्हा सेवासमाप्तीचा कागद तिथं आधीच होता, चाचणीच्या आदल्या दिवशीच्या तारखेचा. त्याच्यामागे मी तक्ता लावला.

अठरापैकी अठरा बरोबर.