वंशज मंडळातल्या बाई

"आधी आजाचं नाव सांग, मंग खुर्ची घे," असं म्हणत बाई दारातच हात आडवा धरायच्या. सदर भागातल्या एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत आमच्या सैनिक वंशज मंडळाची बैठक भरायची. नवा आलेला माणूस वकील असो की ऑटोवाला, त्या हातापाशी अडायचाच. कोणी "माझे आजोबा देशासाठी लढले" असं सुरू केलं की बाई मान हलवायच्या. "देश मले माहीत हाय गा. आजाचं सांग. भेव लागे का त्याले? काय आवडे त्याले?"

बाई शाळेत मराठी शिकवायच्या, मी त्याच शाळेत चित्रकला. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मंडळ काढलं आणि मला त्यात ओढलं, कारण माझे आजोबा फौजेत होते. त्यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

"मंग आईले विचारून ये!"

विचारलं. तोफांच्या आवाजानं आजोबांचे कान गेले होते. आमच्या घरात सगळे ओरडून का बोलतात, हे मला असं पन्नाशीत कळलं. बैठकीत सांगितलं तेव्हा हसता हसता बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

त्यांचे वडील सीमेवर गेले, ते परत आलेच नाहीत. शाळेत दर पंधरा ऑगस्टला बाईंना पहिल्या रांगेत उभं करत. पाहुणे डोक्यावर हात ठेवत, "वीराची मुलगी" म्हणत, आणि पुढे जात. "एकानंही बापाचं नाव नाही विचारलं गा," त्या सांगायच्या. "मी रस्ताभर घोकत जात होती. विचारलं तर चुकाले नको म्हणून." मंडळ त्यासाठी होतं. शिपाई म्हणजे घरातला एक माणूस, तो घरच्यांनी तरी विसरू नये, एवढाच त्याचा उद्देश.

हा उद्देश आमच्या अध्यक्षांना पुरेसा वाटत नसे. अध्यक्ष फौजेतल्या मोठ्या अधिकाऱ्याचे चिरंजीव. एकदा हिंगण्याच्या कारखान्यातला एक कामगार पाळी संपवून थेट बैठकीला आला. त्याचा आजा फौजेत खेचरं हाकायचा. अध्यक्ष म्हणाले, "हे मंडळ सैनिकांच्या वंशजांचं आहे."

"वर डोंगरात गोळ्या कोनी नेल्या? पोळ्या कोनी नेल्या?" बाईंचा आवाज खाली दुकानात गेला. "दुश्मन काय खेचरंवाल्याले सोडून गोळ्या मारे?" मग त्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "तू बस गा. नाव सांग त्याचं."

तो बसला, पण अवघडून. त्या दिवशी नावापलीकडे त्याला बोलवेना.

पुढच्या स्वातंत्र्यदिनाला अध्यक्षांनी एका पुढाऱ्याला बोलावलं. कार्यक्रमात प्रत्येकानं आपल्या शिपायाचं नाव घ्यायचं असं ठरलं होतं. प्रत्यक्षात मंडप पुढाऱ्याच्या फोटोंनी भरला, तो उशिरा आला, भाषण लांबलं आणि नावं राहिली. बाई उठून माइककडे गेल्या. "फक्त नावं घेते," त्या म्हणाल्या. अध्यक्ष हसून म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी नक्की," आणि त्यांनी डीजेवाल्याला खूण केली.

गाणं सुरू झालं. बाई हटल्या नाहीत. माइक नसताना त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. मी शेजारी उभा होतो, तरी मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते. लोक चिवड्याच्या टेबलाकडे निघाले होते. सगळी नावं संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग चप्पल शोधायला लागल्या.

चार लोकांना घेऊन मी त्यांची समजूत काढायला घरी गेलो. त्या गवार मोडत बसल्या होत्या. "काहून आले गा? मले काही झालं नाही," म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लोकाईनं विसरलं असतं तर चाललं असतं. हे तर आपलेच होते ना?" गवारीच्या शेंगा त्या फार जोरात मोडत होत्या.

त्या दिवाळीनंतर बाई गेल्या. मंडळ आहे. आता त्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात रोज सकाळी झेंडे येतात.

बैठकीचा वार म्हणून मी मध्यंतरी सवयीनं सदरला गेलो. खोलीला कुलूप होतं. बैठका बंद केल्याचं अध्यक्षांनी कळवलंही नव्हतं. जिन्यात हिंगण्याचा तो माणूस उभा होता, हातात डबा, अंगावर कारखान्याचा शर्ट. आम्ही दोघं पायरीवर बसलो. त्यानं डबा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "सर, आजा लढाईवरून आला ना, त्यानं मंग कोनत्याच जनावराले काठी लावू देली नाही. बंडीले जुंपलेला बैल रस्त्यातच बसला, तर हा बी त्याच्याजवळ बसे. लोक हसत. आजा म्हने, याले ऊठ म्हनाची माही हिंमत होत नाही."

तो थांबला. त्याला अजून सांगायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. कोणीतरी पुढचं विचारायला हवं होतं, बाई विचारायच्या तसं.

काय विचारावं, ते मला सुचेना.