लेकासाठी कॉफीची मशीन

घरासाठी एस्प्रेसो मशीन घ्यायची म्हणून मी राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो, तर एका म्हाताऱ्यानं विक्रेत्याला आधीच अडवून ठेवलेलं. डोक्यावर पांढरी टोपी, कपड्यांना गोठ्याचा वास. मी वैतागून उभा राहिलो.

ग्राइंडरशेजारच्या कॉफीच्या बिया त्यानं जोंधळा पारखावा तशा तळहातावर घोळवल्या, एक दाताखाली फोडली आणि तोंड वाकडं केलं. विक्रेत्यानं काढून दिलेली कॉफी मात्र काढ्यासारखी एका दमात प्याला.

"पावणं, तुमी पिता व्हय असलं? कडूजार हाय की!"

"मग घेता कशाला?" मी विचारलं.

"पोरगं परदेशात हाय. मागं आलतं, तर दुसऱ्याच दिवशी हॉटेलात ऱ्हायला गेलं. म्हणून कमोड बसवला. मग एसी लावला. परवा फोनवर म्हणालं, सकाळी ही कॉफी लागतीच." मग विक्रेत्याला म्हणाला, "नाव ठेवायला जागा ऱ्हाणार न्हाय, अशी द्या."

घरच्या म्हशीच्या दुधावर वाढलेल्या त्या लेकाचा मला संताप आला. त्याहून जास्त ह्या बापाचा आला.

"कधी येतोय मुलगा?" मी जरा खोचकपणेच विचारलं.

तो म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा मशीनवरून हात फिरवत राहिला. मग विक्रेत्याकडे वळून हळूच म्हणाला,

"वरीस-दोन वरीस नुसती ठेवली, तर बिघडत न्हाय न्हवं?"